पाच ते साडेसहा



ज्या बाईंच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांची आणि माझी पहिली ओळख कागदावर झाली. साल १९९६. मी पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून नुकतीच रुजू झाले होते. केंद्रप्रमुखांमार्फत एक अर्ज माझ्या टेबलावर आला. फुलस्केपचं एकच पान, अक्षर कित्त्यातलं. शाळा सुटल्यावर पाच ते साडेसहा या वेळात बावीस मुलं शाळेच्या ओसरीवर बसतात, वाचनात आणि हिशेबात मागे पडलेल्या या मुलांना अर्जदार गेली नऊ वर्षं शिकवत आहे, असं त्यात लिहिलं होतं. मागण्या दोनच होत्या. ही वेळ शाळेच्या वेळापत्रकात दाखवावी. आणि अर्जदाराच्या जागी पुढे जे कोणी येईल, त्याला या वेळेचा मोबदला मिळावा. स्वतःसाठी बाईंनी काही मागितलं नव्हतं.

मी त्यावर टिपणी लिहिली : ‘नियमात तरतूद नाही. दप्तरी दाखल करावे.’ वर साहेबांची सही झाली आणि अर्ज फाईलला लागला.

आयोजकांनी मला ‘शिक्षणधोरणातली माझी वाटचाल’ असा विषय सुचवला होता. ती वाटचाल या टिपणीपासून सुरू होते. त्यानंतरची बहुतेक नोकरी आणि निवृत्तीनंतरची वर्षं मी शाळेच्या वेळेच्या प्रश्नापाशी घालवली. समित्यांवर बसले, आराखडे लिहिले, त्यातले थोडे अमलात आले. पण या प्रश्नात मी ज्यांच्याकडून शिकले त्यांच्याविषयी आज बोलायचं ठरवलं आहे. ती माणसं बहुतेक अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली आहेत. मुलांना शाळेत जास्त वेळ मिळावा आणि तो सरकारच्या खर्चानं मिळावा, ही एकच मागणी घेऊन त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. बाईंच्या अर्जातली मागणी हीच होती.

आधी ‘वेळ’ म्हणजे काय ते पाहू. जॉन कॅरल नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६३ साली एक लेख लिहिला. परक्या भाषा शिकणाऱ्यांचा तो अभ्यास करत असे. ‘याला भाषेची देणगी आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा, याला भाषा शिकायला कमी वेळ लागतो, एवढंच आपण सांगत असतो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यावरून त्यानं सूत्र मांडलं. मुलाला शिकायला लागणारा वेळ किती, आणि त्यातला प्रत्यक्ष मिळाला किती, यावर त्याचं शिकणं ठरतं. हातच्याची वजाबाकी एका मुलाला दोन दिवसांत येते, दुसऱ्याला बारा दिवस लागतात. शाळा दोघांनाही चार दिवस देते आणि पाचव्या दिवशी गुणाकार काढते. वर्षाच्या शेवटी एक हुशार ठरतो, दुसरा ढ. मी तपासणीला गेले की गुरुजी बोट दाखवून सांगत, ही शेवटची रांग ढ आहे. त्या रांगेतल्या बहुतेक मुलांचे फक्त आठ दिवस शाळेकडे बाकी होते. कॅरलच्या सूत्रात आणखी एक खोच आहे. शिकवणं धड नसेल, तर मुलाला लागणारा वेळही वाढत जातो. ही खोच मी पुढे पुन्हा काढणार आहे.

दुसरी गोष्ट, गरिबाच्या मुलाचा वेळ नेहमी कोणाकडून तरी सोडवून घ्यावा लागला आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १८३६ साली कायदा झाला, की कारखान्यात काम करणाऱ्या पंधरा वर्षांखालच्या मुलाला वर्षातून तीन महिने शाळा मिळालीच पाहिजे. १८५२ साली याच राज्यानं अमेरिकेतला पहिला सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. आठ ते चौदा वयाच्या मुलांना वर्षाला बारा आठवडे शाळा, त्यांतले सहा आठवडे सलग. आज बारा आठवडे म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण ते गिरणीच्या भोंग्याकडून सोडवून आणलेले बारा आठवडे होते. आपल्याकडे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकऱ्या-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, कारण ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा असतो त्यांच्या हाती रात्रच उरते. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्यातून एक दिवस मागत राहिले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली. शाळेच्या तासांचा प्रश्न मी या मालिकेतला मानते. त्याला निव्वळ वेळापत्रकाचा प्रश्न समजलं, की ‘नियमात तरतूद नाही’ असं लिहिणं फार सोपं जातं.

अमेरिकेत हा प्रश्न पुन्हा वर आला तो १९८३ साली. ‘अ नेशन ॲट रिस्क’ नावाच्या सरकारी अहवालानं सात तासांची शाळा आणि २०० ते २२० दिवसांचं वर्ष सुचवलं. अहवाल गाजला, शाळा मात्र १८० दिवसांवरच राहिल्या. मग १९९१ साली त्यांच्या संसदेनं खास ‘वेळ आणि शिक्षण’ या विषयासाठी आयोग नेमला. टेनेसी राज्यातल्या मर्फ्रीजबरो गावच्या शाळांचे प्रमुख जॉन हॉज जोन्स त्याचे अध्यक्ष होते. १९९४ साली आलेल्या त्यांच्या अहवालाचं नाव ‘प्रिझनर्स ऑफ टाइम’, म्हणजे वेळेचे कैदी. माध्यमिक शाळेच्या शेवटच्या चार वर्षांत मुख्य विषयांना अमेरिकेत सुमारे १,४६० तास मिळतात, जपानमध्ये ३,१७०, फ्रान्समध्ये ३,२८० आणि जर्मनीत ३,५२८, असा अंदाज आयोगानं मांडला. हे आकडे वर्तमानपत्रांनी उचलले. मला आयोगाचा दुसरा मुद्दा मोलाचा वाटतो. आपण वेळ ठरलेला ठेवतो आणि शिकणं कमीजास्त होऊ देतो. शिकणं ठरलेलं ठेवून वेळ का हलवत नाही? हा कॅरलचाच मुद्दा, तीस वर्षांनी सरकारी शिक्क्यासह आलेला.

त्याच काळात बाल्टिमोर शहरात एक मोठा अभ्यास चालू होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डोरिस एन्टविसल, कार्ल अलेक्झांडर आणि लिंडा ओल्सन यांनी १९८२ साली वीस शाळांतली पहिलीची सुमारे आठशे मुलं निवडली आणि ती मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. शाळा चालू असते त्या महिन्यांत गरीब आणि सुखवस्तू मुलं जवळपास सारख्या वेगानं पुढे जातात, सुट्टीत मात्र अंतर वाढतं, असं त्यांना दिसलं. त्यांनी दिलेली उपमा नळाची होती आणि ती आपल्याला समजावून सांगायला नको. नळाला पाणी असतं तोवर सगळ्यांचे हंडे भरतात. पाणी गेलं, की ज्याच्या घरी टाकी आहे त्याचंच निभतं. अलीकडच्या संशोधकांनी वेगळ्या चाचण्या लावून पाहिलं, तेव्हा सुट्टीत वाढणारं अंतर इतकं मोठं दिसलं नाही. तो वाद खुला आहे. टाकी कोणाच्या घरी आहे, याबद्दल मात्र वाद नाही. आपल्याकडे तर शाळेबाहेरच्या तासाला उघड बाजारभाव आहे. शिकवणीचा तास, स्कॉलरशिपचा तास, तबल्याचा तास, पोहण्याचा तास. ज्याला परवडतो तो विकत घेतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या माणसांविषयी सुरुवातीला म्हटलं, त्यांतल्या जेनिफर डेव्हिस यांच्याकडे आता येते. क्लिंटन यांच्या काळात रिचर्ड रायली शिक्षणमंत्री होते. त्यांच्या खात्यात डेव्हिस अधिकारी होत्या. शाळा सुटल्यानंतर मुलांसाठी वर्ग चालवणाऱ्या केंद्रांना निधी देण्याची एक योजना त्या खात्यानं उभी केली. १९९८ साली तिची तरतूद ४ कोटी डॉलर होती. चारच वर्षांत ती १०० कोटींवर गेली. पुढे डेव्हिस बॉस्टनला आल्या आणि महापौर थॉमस मेनिनो यांच्यासाठी ‘दोन ते सहा’ हा उपक्रम त्यांनी चालवला. दोनला शाळा सुटते, सहाला आईबाप कामावरून येतात. मधले चार तास मूल कुठे असतं? या प्रश्नावरूनच उपक्रमाचं नाव पडलं होतं. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बाईंच्या अर्जाची पहिली ओळ आठवली.

डेव्हिस यांच्या कामात मला सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट अशी, की त्यांनी हा मार्ग पुढे बदलला. क्रिस गॅब्रिएली हे नव्या उद्योगांत भांडवल घालणारे गृहस्थ. त्यांच्याबरोबर डेव्हिस यांनी २००० साली ‘मॅसॅच्युसेट्स २०२०’ ही संस्था काढली. सुरुवातीला काम शाळेनंतरच्या वर्गांचंच होतं. पण या वर्गांच्या मर्यादा उघड होत होत्या. ते ऐच्छिक होते, म्हणून येईल ते मूल येणार. तिथे शिकवणारी माणसं वेगळी, सकाळी वर्गात काय झालं हे त्यांना ठाऊक नसे. केंद्र सरकारच्या त्या मोठ्या योजनेचं पहिलं मूल्यमापन २००३ साली आलं, तेव्हा अभ्यासात फारसा फरक दिसला नाही, आणि बुश सरकारनं तरतूद १०० कोटींवरून ६० कोटींवर आणण्याचा प्रस्ताव ठेवला. संसदेनं तो मानला नाही, पण इशारा मिळाला होता.

‘ऐच्छिक’ या शब्दापाशी थांबते, कारण तो मी ओसरीवर पाहिला आहे. अर्ज दप्तरी दाखल केल्यानंतर काही महिन्यांनी मी त्या गावी शाळा तपासायला गेले. तपासणी संपवून निघताना पाच वाजले, म्हणून ओसरीवर बसले. बावीस मुलांत मुली पाचच होत्या. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, पाचला शाळा सुटते हे गावाला माहीत आहे. पाच वाजून दहा मिनिटांनी पोरगी घरी दिसली नाही, तर आई हाक मारते. पाणी भरायचं असतं, धाकट्याला घ्यायचं असतं. हीच वेळ शाळेची म्हणून लिहून आली असती, तर कोणी हाक मारली नसती.” अर्जातली पहिली मागणी मला त्या दिवशी समजली. वेळापत्रकात दाखवा, असं बाई म्हणत होत्या ते नोंदीच्या हौसेनं नव्हे. ‘शाळेत आहे’ ही मुलीला घरातून मिळणारी एकमेव रजा होती. आपल्या चांगुलपणानं दिलेला तास ज्यांना सर्वांत जास्त हवा त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे बाई नऊ वर्षं पाहत होत्या.

डेव्हिस आणि गॅब्रिएली वेगळ्या वाटेनं त्याच ठिकाणी आले. शाळा सुटल्यावर दुसरं काही भरवण्यापेक्षा शाळाच लांबवायची, आणि सगळ्या मुलांसाठी लांबवायची. २००५ साली राज्याच्या विधिमंडळानं आखणीसाठी थोडा निधी दिला. गावोगावच्या शाळांनी जवळजवळ वर्षभर बसून नवं वेळापत्रक तयार केलं. २००६ च्या शरद ऋतूत बॉस्टन, केंब्रिज, फॉल रिव्हर, मॉल्डन आणि वूस्टर या पाच गावांतल्या दहा शाळा नव्या वेळेनं सुरू झाल्या. वर्षाला किमान ३०० तास जास्त, आणि त्यासाठी राज्याकडून दर मुलामागे १,३०० डॉलर. पैसे मोजूनमापून दिले होते आणि अटही स्पष्ट होती. वाढलेला वेळ तीन कामांना लावायचा. मुख्य विषयांचा अभ्यास, कला-खेळ-नाटक यांसारखे उपक्रम, आणि शिक्षकांना एकत्र बसून आखणी करण्यासाठी पगारी वेळ. ही तिसरी अट ज्यानं कोणी घातली त्याला मी मनोमन नमस्कार केला. आपल्याकडे टाचण घरी काढायचं, वह्या घरी तपासायच्या, आणि शेजारच्या वर्गातल्या बाईंशी बोलायचं ते मधल्या सुट्टीत खिचडी वाढताना.

फॉल रिव्हर हे गाव मुंबईकरांनी लक्षात ठेवावं. एके काळी अमेरिकेतल्या सुती कापडाच्या गिरण्यांचं ते मोठं ठाणं होतं. १९२० च्या दशकात गिरण्या बसल्या आणि गावाची गिरणगावासारखी स्थिती झाली. तिथल्या कस मिडल स्कूल या शाळेवर २००४ साली राज्यानं ‘दीर्घकाळ मागासलेली’ असा शिक्का मारला. असा शिक्का बसलेली ती राज्यातली पहिली शाळा. २००६ च्या दहा शाळांत ती होती. काही वर्षांत ती सावरली आणि देशभरातले अधिकारी तिला भेट द्यायला येऊ लागले. तिथे वेळ वाढवण्याबरोबर तो कुठल्या मुलाला कशासाठी द्यायचा, हे मुलांच्या चाचण्या समोर ठेवून ठरवलं जात असे. वेळ वाढवणाऱ्या सगळ्याच शाळांनी हे केलं नाही.

२००६ साली गॅब्रिएली राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षातली प्राथमिक निवडणूक लढले आणि डेव्हल पॅट्रिक यांच्याकडून हरले. पॅट्रिक निवडून आले आणि त्यांच्या सरकारनं या योजनेचा निधी वाढवला. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याचा कार्यक्रम जिंकलेल्यानं पुढे नेला, ही गोष्ट मी आमच्या खात्याच्या बैठकांत अनेकदा सांगितली आहे. शाळांची संख्या २००८ पर्यंत २६ वर गेली. २००७ साली डेव्हिस आणि गॅब्रिएली यांनी देशपातळीवरची संस्था काढली. २००९ साली अध्यक्ष ओबामा यांनी लांब शाळेची मागणी जाहीर भाषणात केली.

आणि मग मूल्यमापन आलं. ॲबट असोसिएट्स या संस्थेनं वेळ वाढवलेल्या शाळा आणि तशाच दुसऱ्या शाळा यांची काही वर्षं तुलना केली. पाचवीच्या विज्ञानात फरक दिसला. बाकी बहुतेक इयत्तांत आणि विषयांत ठाम म्हणावा असा फरक नव्हता. शिक्षकांना एकत्र काम करायला वेळ मिळत होता, पण मुलं थकतात अशी तक्रारही या शाळांतले शिक्षक जास्त करत होते.

तो अहवाल मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण तोवर मी स्वतः दोन समित्यांसमोर जास्त वेळेची बाजू मांडून बसले होते. दुसऱ्यांदा वाचताना कॅरलची खोच आठवली. शिकवणं धड नसेल, तर लागणारा वेळही वाढतो. ज्या वर्गात सकाळी नऊला मुलाला काही कळत नव्हतं, त्याच वर्गात त्याच पद्धतीनं त्याला साडेतीनलाही बसवलं, तर न कळण्याचा वेळ तेवढा वाढतो. सव्वीस शाळांत सव्वीस तऱ्हांनी तो वेळ वापरला गेला. सरासरी काढली की कस मिडल स्कूलसारख्या शाळा त्यात बुडून जातात.

अहवालावर माझा एक आक्षेपही आहे. संध्याकाळच्या नाटकाच्या तालमीमुळे गणिताचे गुण वाढले का, असा प्रश्न त्यात गृहीत आहे. सुखवस्तू घरातलं मूल बुद्धिबळ शिकतं, पोहायला जातं, तेव्हा त्याचे आईबाप त्या खर्चाचा परतावा गुणपत्रिकेत शोधत नाहीत. मुलानं चार गोष्टी कराव्यात, एवढंच त्यांना हवं असतं. फॉल रिव्हरच्या मुलाकडून, किंवा आपल्या वाडीवरच्या मुलीकडून, तो हिशेब का मागायचा? तालमीत घालवलेला तास मी वाया गेलेला धरत नाही. पण वाचनासाठी म्हणून दिलेल्या तासात मूल वाचायला शिकलं नाही, तर तो तास वाया गेला. हे दोन हिशेब वेगळे ठेवायला हवेत, आणि वेळ वाढवा म्हणणाऱ्या आमच्यासारख्या लोकांनी ते वेगळे ठेवले नाहीत.

शिकागोचा प्रसंग थोडक्यात सांगते. तिथल्या प्राथमिक शाळा पावणेसहा तासांच्या होत्या. महापौर राम इमॅन्युएल यांनी त्या साडेसात तासांच्या करायचं जाहीर केलं आणि शेवटी सातवर तडजोड झाली. शिक्षकांचा प्रश्न उरला : जास्त काम, मग पगार? जुलै २०१२ मध्ये तात्पुरता मार्ग निघाला. कामावरून कमी केलेल्या जवळपास पाचशे शिक्षकांना परत घ्यायचं आणि वाढलेल्या वेळात संगीत, कला, खेळ त्यांच्याकडे द्यायचे. तरी इतर मागण्या राहिल्याच आणि सप्टेंबरमध्ये पंचवीस वर्षांतला पहिला शिक्षकसंप झाला. या संपावर आपल्याकडच्या एका बैठकीत ‘शिक्षकांना कामच नको असतं’ असं कोणीतरी बोललं. मी तेव्हा उठून बोलले आणि आजही तेच म्हणेन. मुलाचा प्रत्येक जास्तीचा तास हा कोणा तरी माणसाच्या श्रमाचा तास असतो. ते श्रम फुकट घेऊन उभं केलेलं धोरण तो माणूस दमेपर्यंतच चालतं.

आता आपल्या देशात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास ठरवून दिले. मॅसॅच्युसेट्सच्या नियमात माध्यमिक शाळेला किमान ९९० तास आहेत. कागदावर आपली सातवीतली मुलगी बॉस्टनच्या मुलीपेक्षा दहा तास पुढेच आहे. परिपाठ, हजेरी, आहार, वरून मागवलेली तातडीची माहिती, निवडणूक, जनगणना, एका गुरुजींकडे दोन वर्ग, हे सगळं वजा करून त्या हजारांतले किती तिच्या वाट्याला येतात, हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

या प्रश्नाचं सर्वांत स्पष्ट उत्तर मला अमेरिकेतून मिळालं नाही. ते मुंबईतून निघालं आणि हरियाणात पक्कं झालं. ‘प्रथम’ ही संस्था नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत सुरू झाली. तिनं महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. या वस्तीतल्याच तरुण मुली. वर्गातली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं शाळेच्याच वेळात दोन तास बाजूला घ्यायची आणि त्यांना जिथं अडलं आहे तिथून शिकवायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ या काळात याचा अभ्यास केला, तेव्हा सर्वांत मागची मुलं सर्वांत जास्त पुढे सरकलेली दिसली. इथे शाळेचा वेळ एका मिनिटानंही वाढला नव्हता. आहे तो वेळ मुलाच्या हाती नीट पडला होता.

पुढे हरियाणा सरकारनं २०११-१२ पासून राज्यातल्या शाळांचा दिवस एका तासानं वाढवला. हा योग फार दुर्मिळ होता, कारण तास सगळीकडेच वाढला होता. त्यांतल्या काही शाळांत ‘प्रथम’च्या मदतीनं एक बदल केला. वाढीव तासात तिसरी, चौथी, पाचवीची मुलं इयत्ता मोडून बसवली. ज्याला अक्षरं येत नाहीत तो अक्षरांच्या गटात, ज्याला शब्द येतात तो शब्दांच्या, वाक्यं वाचणारा गोष्टींच्या गटात. शिकवायला सरकारी शिक्षकच होते. वर्षाच्या शेवटी या शाळांतल्या मुलांचं हिंदी वाचन बाकी शाळांपेक्षा स्पष्ट पुढे गेलं होतं. तास सगळ्यांना एकच मिळाला होता. मुलाच्या पायरीपाशी जाऊन दिलेला तास कामी आला.

या हरियाणाच्या प्रयोगात एक बारीक गोष्ट आहे, ती मला सर्वांत जवळची. शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या केंद्रप्रमुखांच्या जागेवरच्या लोकांनी, आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना या पद्धतीनं शिकवलं आणि मग शिक्षकांना सांगायला गेले. १९९६ साली मला कोणी पंधरा दिवस त्या ओसरीवर बसवलं असतं, तर ती टिपणी माझ्या हातून लिहिली गेली नसती.

बाई २००३ साली निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेले गुरुजी चांगले होते. वर्ग नीट घेत, मुलांना मारत नसत. पण ते तालुक्याला राहत आणि गावातून शेवटची एसटी साडेपाचला सुटत असे. ओसरीवरचा तास जूनमध्येच बंद पडला. गुरुजींना मी बोल लावत नाही. अर्जातल्या दुसऱ्या मागणीत बाईंनी नेमकं हेच आधी लिहून ठेवलं होतं : पुढे जे कोणी येईल त्याला.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी ती फाईल शोधून काढली. कागद पिवळा पडला होता, टिपणी शाबूत होती. दप्तरी दाखल झालेल्या अर्जावर पुन्हा शेरा मारता येत नाही. पण मला तेव्हा जो लिहायला हवा होता, तो मी नंतर घरी बसून लिहिला. बाईंना वाचून दाखवायचा राहिला. इथे वाचते.

‘अर्ज मान्य. पाच ते साडेसहा ही वेळ शाळेच्या वेळापत्रकात समाविष्ट करावी व सर्व मुलामुलींना लागू करावी. तसे गावात दवंडीने कळवावे. सुरुवातीस पंधरा मिनिटे खाण्यासाठी. त्यानंतर वाचन व गणित. गट इयत्तेप्रमाणे न करता ज्याला जितके येते त्याप्रमाणे करावेत. बुधवारी व शनिवारी गाणे, नाटक, खेळ. त्याची परीक्षा घेऊ नये. या वेळेचे वेतन शिक्षकास द्यावे. एका शिक्षकावर भार होत असल्यास गावातील शिकलेली मुलगी मानधनावर नेमावी. प्रस्तुत अधिकाऱ्याने प्रथम वीस दिवस स्वतः शिकवून नंतरच तपासणी करावी.

प्रत : आगार व्यवस्थापक, राज्य परिवहन. सदर गावची शेवटची गाडी साडेपाचऐवजी पावणेसातला सोडण्याबाबत विनंती.’